घड्याळातील व्यायामाच्या नोंदी एआय साहाय्यकाला देताना

मनगटावरच्या घड्याळाने साठवलेल्या नोंदी एआय साहाय्यकापुढे ठेवण्यापूर्वी आपला प्रश्न एका वाक्यात लिहून काढावा. वडोदऱ्याच्या कमाटीबागेत पहाटे धावणाऱ्याला 'गेल्या तीन महिन्यांत त्याच वेगाने धावताना माझ्या हृदयाचे ठोके कमी झाले का' एवढेच जाणून घ्यायचे असेल, तर प्रत्येक धावेची तारीख, अंतर, लागलेला वेळ आणि सरासरी ठोके पुरतात; झोप, वजन, मासिक पाळी किंवा घराच्या दारापासून सुरू होणारा नकाशा यांची तिथे काही गरज नसते. परवानगी किती द्यायची हे या प्रश्नावरून ठरते, म्हणून तो आधी लिहावा.

माझ्या मते सुरुवात नेहमी फाइलपासून करावी, कारण फाइल उघडून आपण नेमके काय देत आहोत ते डोळ्यांनी पाहता येते. गार्मिन कनेक्टच्या संकेतस्थळावर व्यायामांची यादी सीएसव्ही म्हणजे साध्या तक्त्याच्या स्वरूपात उतरवून घेता येते. फिटबिटच्या नोंदी गूगल टेकआउट या माहिती उतरवण्याच्या सोयीतून मिळतात आणि व्यायामाच्या नोंदी ठेवणाऱ्या स्ट्राव्हावर खात्याच्या सेटिंगमधून संपूर्ण संग्रह मागवता येतो. आयफोनच्या हेल्थ अ‍ॅपमध्ये वरच्या छायाचित्रावर दाबून सर्व माहिती निर्यात करता येते, पण त्या एकाच फाइलमध्ये आरोग्याचे सगळेच येते, म्हणून ती जशीच्या तशी चढवू नये. त्याऐवजी केवळ व्यायामाच्या नोंदी वेगळ्या काढणारा छोटा प्रोग्राम साहाय्यकाकडून लिहून घ्यावा आणि तो आपल्याच संगणकावर चालवावा. अशा रीतीने मूळ फाइल न दाखवताही त्याची मदत होते.

जीपीएक्स या मार्ग नोंदवणाऱ्या फाइलमध्ये धावेच्या प्रत्येक टप्प्याचे अक्षांश-रेखांश असतात, तेव्हा मार्गाविषयी प्रश्न नसेल तर त्या देऊच नयेत. जानेवारी २०१८ मध्ये वापरकर्त्यांच्या मार्गांवरून बनवलेल्या स्ट्राव्हाच्या जागतिक नकाशावरून लष्करी तळांच्या जागा उघड झाल्या होत्या, आणि रोज एकाच सोसायटीच्या फाटकातून निघणाऱ्या माणसाचे घर ओळखणे त्याहून अवघड नाही. शिवाय घड्याळाने दर सेकंदाला नोंद घेतली असेल तर तासाभराच्या धावेत ३,६०० ओळी होतात. त्या नुसत्या वाचून साहाय्यक सरासरी सांगू लागला तर चुकण्याचा संभव मोठा असतो, म्हणून एका व्यायामाला एक ओळ असा तक्ता द्यावा आणि हिशेब प्रोग्राम चालवून करण्यास सांगावे.

वेळेकडे विशेष लक्ष द्यावे. जीपीएक्समधील वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. सोमवारी पहाटे ५:१५ ला सुरू केलेली धाव तिथे रविवारी रात्री २३:४५ ची दिसते. परिणामी आठवड्याची बेरीज बिघडते आणि साहाय्यक आपल्याला रात्री उशिरा न धावण्याचा सल्लाही देऊ शकतो. 'वेळा भारतीय वेळेत बदलून घे' ही सूचना पहिल्याच संदेशात लिहावी.

त्याच संदेशात घड्याळाला न कळणाऱ्या गोष्टीही सांगाव्यात. मे महिन्यात वडोदऱ्याचा पारा चाळिशीपलीकडे जातो. उष्णतेत त्वचेकडे अधिक रक्त वळते, घामाने शरीरातील पाणी घटते आणि त्याच वेगाला ठोके वाढतात. हे न सांगितल्यास उन्हाळ्यातील आकडे पाहून आपली क्षमता घटली असा निष्कर्ष निघेल. नवरात्रीत रात्री कित्येक तास गरबा खेळून सकाळी मंद धावणाऱ्याचेही तसेच आहे, कारण घड्याळावर व्यायाम सुरूच केला नसेल तर तो गरबा यादीत येत नाही. व्यायामाचार्य प्राध्यापक माणिकरावांच्या या शहरात जोर-बैठका आणि मल्लखांब करणारेही आहेत; अशा व्यायामात मनगट वाकते, मूठ आवळली जाते आणि मनगटावरून घेतलेले ठोके बेभरवशाचे होतात. त्या दिवशी छातीवरचा पट्टा वापरला नसेल तर ठोक्यांचा रकाना रिकामा ठेवणे चांगले.

दर आठवड्याला फाइल देणे जिकिरीचे वाटू लागले, की मगच थेट जोडणीचा विचार करावा. अँथ्रॉपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल या खुल्या पद्धतीमुळे साहाय्यक बाहेरच्या सेवेतून स्वतः नोंदी मागवू शकतो. मात्र त्याच महिन्यात स्ट्राव्हाने आपल्या एपीआयच्या (इतरांना माहिती पुरवणाऱ्या जोडणीच्या) अटी बदलून तिथून मिळालेली माहिती एआय मॉडेलमध्ये वापरण्यास इतर अ‍ॅपना मनाई केली, तेव्हा जोडणीपूर्वी त्या त्या सेवेच्या चालू अटी वाचाव्यात. काही अनधिकृत जोडण्या थेट वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड मागतात. त्या टाळाव्यात आणि सेवेच्या स्वतःच्या पानावर जाऊन परवानगी देता येईल अशीच जोडणी घ्यावी. अँड्रॉइड फोनवर आरोग्याच्या नोंदींची देवाणघेवाण सांभाळणाऱ्या हेल्थ कनेक्टमध्ये वाचण्याची व लिहिण्याची परवानगी वेगवेगळी आणि प्रत्येक प्रकारच्या माहितीसाठी स्वतंत्र असते. तिथे व्यायाम आणि हृदयाचे ठोके एवढ्यांचेच वाचन चालू ठेवावे आणि लिहिण्याची परवानगी देऊ नये.

काम झाल्यावर सेवेच्या सेटिंगमध्ये जाऊन जोडलेल्या अ‍ॅपच्या यादीतून ती जोडणी काढून टाकावी. त्यामुळे पुढील वाचन थांबते, पण आधी वाचलेले आपोआप पुसले जात नाही. त्यासाठी साहाय्यकाच्या खात्यातील ती संभाषणे आणि चढवलेल्या फाइली स्वतंत्रपणे काढाव्या लागतात, आणि संभाषणांचा उपयोग मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी होऊ द्यायचा की नाही ही सेटिंग त्याच वेळी तपासून घ्यावी.