सिरॅमिक तव्यावरचं तेलाचं किटण कसं काढावं

घावन उलटायला गेलं आणि मधला भाग तव्यालाच चिकटून राहिला, की घरात लगेच निकाल लागतो: कोटिंग गेलं, नवा तवा आणा. माझा तवासुद्धा असाच माळ्यावर जाणार होता. पण बहुतेक वेळा कोटिंग शाबूत असतं, त्यावर तेलाचं किटण चढलेलं असतं. तेलाचा पातळ थर पुन्हा पुन्हा तापला की घट्ट होत जाऊन त्याचा तपकिरी पापुद्रा बनतो. बोट फिरवलं तर तो खरखरीत लागतो. पीठ धरून ठेवतो तो हाच.

सुरुवात करण्याआधी तवा पूर्ण गार होऊ द्या. गरम तवा नळाखाली धरू नका. आतलं ॲल्युमिनियम आणि वरचा काचेसारखा कडक थर सारखे आकुंचन पावत नाहीत, म्हणून थराला बारीक तडे जातात आणि बूडही वाकतं.

आता तव्यात किंवा कढईत डाग बुडेल इतकं पाणी घ्या, त्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घाला आणि मंद आचेवर दहा मिनिटं ठेवा. खळखळून उकळायची गरज नाही, कडेला बुडबुडे आले की पुरे. लाकडी उलथन्याने हलकेच ढकलत राहा. करपलेल्या खरपुड्या इथेच सुटतात आणि पाणी चहासारखं होतं. गॅस बंद करून पाणी तव्यातच कोमट होऊ द्या, मग ओता.

जो पापुद्रा तरीही हटत नाही, त्यासाठी तीन भाग सोडा आणि एक भाग पाणी असा दाट लेप करा. डागावर थापून अर्धा तास ठेवा. हळदीचा डाग असेल तर लेप लालसर होईल. घाबरू नका, हळद सोड्याला लागली की लाल होतेच. मग मऊ स्पंजने गोल गोल घासा. जोर लावू नका, वेळ द्या. एकदा घासून झालं की धुऊन बघा, गरज वाटली तर पुन्हा लेप लावा. माझ्या तव्याला तीन वेळा लावावा लागला. तिसऱ्यांदा कडेचा मूळ फिकट रंग दिसला, तेव्हा इतके दिवस आपण काय बघत होतो ते कळलं.

तारेची घासणी, राख आणि खरखरीत पावडर यांना हात लावू नका. त्यांनी किटण निघतं, पण थरावर ओरखडे पडतात आणि पुढचं किटण त्या ओरखड्यांतच बसतं. सोडा आणि व्हिनेगर एकत्र घालायची पद्धतही सोडा. फेस भरपूर येतो, पण दोघं एकमेकांना निकामी करतात आणि हाती जवळपास साधं खारट पाणी उरतं. व्हिनेगर किंवा लिंबू वेगळं वापरा, तेही बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग असतील तरच. नुसता हळदीचा पिवळेपणा राहिला असेल तर धुतलेला तवा उन्हात ठेवा, उन्हाने हळद फिकी पडते.

धुऊन पुसल्यावर तव्यावर पाण्याचा थेंब टाका. गोळी होऊन घरंगळला तर काम झालं. जागच्या जागी पसरला तर अजून किटणाचा थर शिल्लक आहे, किंवा कोटिंग खरंच झिजलंय. कोटिंगचे पापुद्रे निघून खालचा धातू दिसत असेल, तर मात्र तो तवा स्वयंपाकातून काढा.

यापुढे आच मध्यमच ठेवा आणि रिकामा तवा तापत सोडू नका. तेल तव्यावर ओतण्यापेक्षा दोन-चार थेंब कापडाने पुसून घ्या. फवाऱ्याचं तेल नकोच. त्याचे बारीक थेंब कडेला, जिथे पीठ पोचत नाही तिथे बसतात आणि किटण तिथूनच सुरू होतं. दर वेळी घावनं झाल्यावर ती कड तेवढी साबणाच्या कोमट पाण्याने पुसून घ्या.