खाऱ्या हवेत घड्याळाचं मशीन बदलताना या चुका टाळा

गणपतीला चाकरमानी गावी येतात, आखातातून सुट्टीवर आलेली मंडळी येतात, आणि रत्नागिरी, चिपळूण, कुडाळमध्ये घड्याळ दुरुस्तीच्या टेबलावर महागडी ऑटोमॅटिक घड्याळं दिसायला लागतात. मागणी बहुतेक वेळा एकच असते: बंद पडलंय, मशीन बदलून द्या. बदलणं फार अवघड नाही. पण किनाऱ्यावर बसवलेलं नवं मशीन वर्षाच्या आत पुन्हा बंद पडतं, तेव्हा मशीनच खराब निघालं असं क्वचितच असतं. पहिलं ज्या कारणानं गेलं, ते कारण केसमध्ये तसंच राहिलेलं असतं.

कारण न शोधता मशीन मागवणं

मागचं झाकण उघडलं की बॅलन्सकडे (आतल्या मागे-पुढे हलणाऱ्या चाकाकडे) नंतर बघा, आधी स्टेम, म्हणजे चावीला जोडलेली दांडी, बाहेर काढून लूपखाली (डोळ्याला लावायच्या भिंगाखाली) धरा. चावीच्या नळीतून जिथे स्टेम आत शिरते, तिथे तपकिरी भुकटी दिसली तर पाणी चावीकडून येतंय. आता चावीच्या आतलं गॅस्केट (पाणी अडवणारी रबरी कडी) बघा. चांगलं रबर गोल आणि लवचिक असतं. मेलेलं रबर चपटं, चकचकीत होतं आणि चिमट्यानं दाबलं की खुणा तशाच राहतात. असं गॅस्केट ठेवून हजारो रुपयांचं मशीन आत घालणं म्हणजे गळक्या कौलांखाली नवा पलंग मांडणं. चावीचं, मागच्या झाकणाचं आणि काचेचं, तिन्ही गॅस्केट बदला, सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या, आणि चावीच्या नळीचे आटे झिजलेत का तेही बघून घ्या.

घड्याळ बंद नसून दिवसाला काही मिनिटं पुढे पळत असेल, तर मशीनला हात लावण्याआधी डीमॅग्नेटाइझरवर (चुंबकत्व काढणाऱ्या यंत्रावर) धरा. स्पीकर, मोबाइलच्या कव्हरमधलं चुंबक, एवढंही हेअरस्प्रिंगचे (बॅलन्सच्या नाजूक स्प्रिंगचे) वेढे एकमेकांना चिकटायला पुरतं. काही सेकंदांचं काम आहे, आणि ते न केल्यामुळे धडधाकट मशीनं बदलली जातात.

भर पावसात केस बंद करणं

ही चूक मला सगळ्यात घातक वाटते, कारण ती करणाऱ्याला दिसत नाही. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि जुलैत हवा सतत ओली असते. त्या हवेत झाकण लावलं की तीच ओल नव्या गॅस्केटच्या आत कोंडली जाते. सील जितकं चांगलं, तितकी ती बाहेर पडणं कठीण. गिऱ्हाईक एसी गाडीत बसतं, काच थंड होते, आतून वाफ धरते आणि मग सगळे पुन्हा गॅस्केटला दोष देतात.

उपाय साधा आहे. मशीन बसवून झालं की झाकण न लावता घड्याळ हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत रात्रभर ठेवा. जेल निळं असेल तेव्हाच वापरा, गुलाबी झालं असेल तर ते आधी तापवून सुकवा. दुसऱ्या दिवशी एसी किंवा डीह्युमिडिफायर चालू असलेल्या खोलीत झाकण बंद करा. वीज गेली तर काम थांबवा. बंद केल्यावर घड्याळ चाळीस-पंचेचाळीस अंशांपर्यंत गरम करून काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवा, मिनिटभरानं पुसा. आत धुकं उमटलं तर ओल आत आहे. त्यानंतर प्रेशर टेस्ट (दाब देऊन गळती तपासणं). टेस्ट न करता ‘100 मीटर’ या छापील आकड्यावर कुणालाही तारकर्लीच्या समुद्रात पाठवू नका.

बसतंय म्हणून बसवणं

ईटीए या स्विस कंपनीच्या 2824-2 मशीनच्या जागी सेलिटा या दुसऱ्या स्विस कंपनीचं एसडब्ल्यू 200-1 चालतं, मापं तीच आहेत: व्यास 25.6 मिलिमीटर, जाडी 4.6. पण मूळ मशीन ईटीए 2892-ए2 असेल तर व्यास तोच असूनही जाडी फक्त 3.6 असते. त्या एका मिलिमीटरपायी मागचं झाकण नीट बसत नाही किंवा वर काटे काचेला घासतात. सेकोचं एनएच 35 तर 27.4 मिलिमीटरचं, आणि त्याची सेकंद काट्याची पिन 0.20. ईटीएचा सेकंद काटा 0.25 चा. तो त्यावर सैल बसतो आणि हाताला झटका बसला की निसटतो.

नव्या मशीनची स्टेम लांब येते, ती कापावी लागते. इथे घाई नको. थोडी कापा, कानशीनं घासा, चावी लावून बघा, पुन्हा घासा. लांब राहिली तर चावी पूर्ण बसत नाही, गॅस्केट दाबलं जात नाही, आणि पाण्याला वाट मिळते. फार आखूड झाली तर स्टेम पूर्ण आत जात नाही आणि चावी देण्याची खाच नीट लागत नाही.

काटे लावताना आधी चावी पुढे फिरवत तारीख उलटू द्या, उलटली त्या क्षणी दोन्ही काटे बारावर बसवा. तारीख दोन वाजता बदलते ही तक्रार इथेच संपते. गिऱ्हाइकालाही सांगा, रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान चावीनं तारीख झटपट बदलायची नाही. त्या वेळी तारखेचं चाक गुंतलेलं असतं, दात तुटतात.

सर्व्हिसिंग म्हणजे नुसतं तेल नव्हे

अख्खं मशीन पेट्रोलमध्ये बुडवून वर तेल सोडायची सवय अजून दिसते. खड्यांच्या भोकांत वाळलेलं जुनं तेल तसंच राहतं. मशीन पूर्ण उघडायचं, आणि उघडण्याआधी मेनस्प्रिंगचा (चावी दिल्यावर ताणल्या जाणाऱ्या मुख्य स्प्रिंगचा) ताण सोडायचा. पॅलेटचे (चाकाला थांबवत-सोडत जाणाऱ्या छोट्या भागाचे) खडे लाखेनं बसवलेले असतात, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणून पॅलेट त्यात भिजत ठेवू नका. पॅलेटच्या पिव्हटला (टोकाच्या बारीक आसाला) तेल देऊ नका. इतर ठिकाणीही कमीच, कारण जास्त झालेलं तेल जागा सोडून पसरतं.

टाइमग्राफरवर (टिकटिक ऐकून मशीनची चाल मोजणाऱ्या यंत्रावर) पूर्ण चावी दिलेली असताना, डायल वर ठेवून, अँप्लिट्यूड, म्हणजे बॅलन्सचा झोका, 270 ते 310 अंश असावा. पण लिफ्ट अँगल, म्हणजे त्या मशीनसाठी ठरलेला कोन, आधी यंत्रात बरोबर टाका. ओमेगाच्या को-अ‍ॅक्सियल मशीनला 38 अंश लागतो. यंत्रावर नेहमीचा 52 राहिला तर 300 दिसतं, आणि खरं अँप्लिट्यूड 220 च्या आसपास असतं. आजारी मशीन पास होऊन गिऱ्हाइकाच्या हातात जातं.

मूळ मशीन फेकणं

रोलेक्सच्या 3135 सारखं मशीन शक्य तिथवर दुरुस्तच करावं. दुसरं मशीन घातलं की पुनर्विक्रीची किंमत कोसळते. बदलायचंच झालं तर मालकाची लेखी संमती घ्या, बिलावर नव्या मशीनचं नाव लिहा, आणि जुनं मशीन डबीत घालून परत द्या. कंपनीची वॉरंटी शिल्लक असेल तर उघडूच नका, मुंबईला अधिकृत केंद्रात पाठवा.

समुद्राचं पाणी आत गेलं असेल तर तांदळात ठेवू नका, उन्हातही नको. पाणी उडतं, मीठ राहतं, आणि मीठ हवेतली ओल ओढत राहतं. पोलादी पिव्हटवर गंज धरायला एक रात्र पुरते. त्याच दिवशी मशीन बाहेर काढून, सुटं करून, धुऊन ठेवा. कोणते भाग बदलायचे हे दुसऱ्या दिवशी ठरवलं तरी चालेल.