फॅक्सानाडू: आधी या चुका टाळा, मग फोन करा

‘कॅसेट खराब आहे’, ‘गेम अडकलाय’, ‘मंत्र घेईना’. फिरून फिरून फॅक्सानाडू या व्हिडिओ गेमची हीच तक्रार घेऊन माझ्याकडं फोन येतात. (मंत्र म्हणजे या गेमचा पासवर्ड.) शहापुरातनं येतात, खानापुरातनं येतात, निपाणीहून तर हमखास येतात. कॅसेट बहुतेक वेळा ठणठणीत असते. म्हणून हे एकदाचं लिहून टाकतो.

ज्यांना गेमच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फॅक्सानाडू हडसन सॉफ्टनं १९८७ मध्ये जपानात फॅमिकॉम या निन्टेंडोच्या टीव्ही गेम मशीनवर काढला, अमेरिकेत त्याच मशीनच्या एनईएस या रूपावर तो १९८९ मध्ये आला. निहॉन फाल्कॉमचा ‘झानाडू’ नावाचा कॉम्प्युटरवरचा गेम होता, त्याच्या पुढं ‘फॅमिकॉम’ जोडून हे नाव झालं. आपल्याकडं मारिओ आणि कॉन्ट्रा घरोघरी, याला कुणी विचारलं नाही. एक भलंमोठं झाड, त्याच्या बुंध्यात आणि फांद्यांत वसलेली गावं, आणि बिघडून राक्षस झालेले बुटके. उड्या आहेत, तलवार आहे, पण उजवीकडं पळत सुटलं की संपला असा हा गेम नव्हे. गावात शिरायचं, माणसांशी बोलायचं, दुकानात भाव बघायचा आणि मग बाहेर पडायचं.

पहिली चूक इथंच होते. नवी पोरं बोलतच नाहीत. इओलिस या पहिल्या गावात तुमच्या हातात ना शस्त्र ना पैसा. राजाला भेटलात तर तो १५०० सोनं देतो. परवा एकजण म्हणतो, “काका, बाहेर जाताच येईना म्हणून फोन केलो.” राजाला भेटलास का रे? “राजा कशाला?” आता काय बोलायचं! गावातल्या प्रत्येक दारात शिरा, प्रत्येकाचं ऐका. मजकूर वाचायचा कंटाळा असेल तर कॉन्ट्रा आहेच की.

आता माझ्या डोक्यात जाणारी खरी चूक. गुरूला, म्हणजे गावात बसून पदवी आणि मंत्र देणाऱ्याला, न भेटता पुढं पळणं.

स्क्रीनच्या वर ई पुढं आकडा दिसतो, तो तुमचा अनुभव. जी म्हणजे सोनं. राक्षस मारत गेलात की ई वाढतो, १००० झाला की तुम्ही नवशिक्यातनं वरच्या पदवीला लायक होता, पुढची पदवी २२०० ला. पण लायक होणं वेगळं आणि पदवी मिळणं वेगळं. पदवी गुरूच देतो, त्याच्याकडं स्वतः जाऊन. मेलात तर ई आणि जी दोन्ही तुमच्या शेवटच्या पदवीच्या आकड्यावर येतात. पदवी घेतलीच नसेल तर नवशिक्याचं शून्य.

खानापूरकडच्या एका मित्राचा पोरगा. पावसाळ्याची सुट्टी, बाहेर धो धो, घरात दुसरं काम नाही. हा अपोलून गावाच्या बाहेर एकाच ठिकाणी येरझाऱ्या घालत होता. स्क्रीन बदलून परत आलं की राक्षस पुन्हा हजर असतात, तेच मारत बसायचं. ई १००० च्या वर गेला, मी शेजारी बसून सांगतोय, बाबा, गाव चार पावलांवर आहे, गुरूला भेटून ये. “थांबा की, अजून थोडं करून एकदमच जातो.” एकदमच! पुढं १५०० ओलांडला तरी याचं तेच. मग वरच्या फांदीवर उडी मारताना एका राक्षसानं धडक दिली, हा मागं फेकला गेला, खाली दुसऱ्याच्या अंगावर, आणि खलास. गुरूसमोर जागा झाला तेव्हा ई शून्य, जी शून्य. वर गुरू यालाच सुनावतो की मनात वाईट विचार आणू नको, मंत्र लक्षात ठेव. पोरानं कंट्रोलर कॉटवर आपटला आणि म्हणाला, “कॅसेटच फसवालीया.” त्याच्या आईनं चहा आणून ठेवला होता, त्यावर साय धरली तरी गडी बोलेना.

माझी सवय साधी. आकडा पुढच्या पदवीच्या आसपास आला की हातातलं काम सोडून गाव गाठायचं. खिशात सोनं साठलं असेल तर गुरूच्या आधी दुकान, कारण मेल्यावर ते तसंही जाणार. काहीजण याचाच उलटा फायदा घेतात. सगळं सोनं खर्च करायचं, मंत्र घ्यायचा, मशीन रीसेट करून तोच मंत्र टाकायचा, की पदवीप्रमाणं सोनं पुन्हा हातात. गेमला चालतं. मला चालत नाही, पण ते माझं झालं.

यावरनंच दुसरी गोष्ट, मंत्र. या कॅसेटीत बॅटरी नाही, त्यामुळं सेव्ह नाही. लाईट गेली की सगळं गेलं, आणि आपल्याकडं पावसाळ्यात लाईट कशी जाते ते मी सांगायला नको. गुरू मंत्र देतो, तो लिहून घ्यायचा, पुन्हा सुरू करताना तोच घालायचा. त्यात मोठी अक्षरं, लहान अक्षरं, आकडे, स्वल्पविराम आणि प्रश्नचिन्ह, सगळं येतं. एक खूण चुकली की मंत्र बाद.

टिळकवाडीतल्या एकानं निपाणीच्या आत्तेभावाला फोनवर मंत्र सांगितला. सांगताना शून्याला म्हणाला ‘ओ’. आपण सगळे मोबाईल नंबर सांगताना तसंच म्हणतो. पलीकडच्यानं कधी मोठा ओ लिहिला, कधी लहान. मंत्र घेईना. मग व्हॉट्सॲपवर टाईप करून पाठवला, तर कीबोर्डनं पहिलं अक्षर आपोआप मोठं केलं आणि स्वल्पविरामापुढं जागा सोडली. निपाणीच्या शहाण्यानं तो विराम म्हणजे दोन तुकड्यांमधली सोय समजून गाळूनच टाकला. दोघं रात्री उशिरापर्यंत भांडले, एकमेकांची अक्कल काढली, सकाळी माझ्याकडं फोन. शेवटी टिळकवाडीच्या शेजारचा कन्नड पोरगा तिथं बसला होता, त्यानं वहीत डोकावून विचारलं, “ओ की सोन्ने?” सोन्ने म्हणजे कन्नडमध्ये शून्य, तेव्हा कुठं घोळ कळला.

मी चौकटीची गणिताची वही वापरतो. एका चौकटीत एकच खूण. मोठ्या अक्षराखाली रेघ, शून्याच्या पोटात तिरकी रेघ, आकड्यातल्या एकाला खाली पाट. शिसपेन्सिल, पेन नाही. आणि मशीन बंद करण्याआधी रीसेट दाबून तोच मंत्र एकदा घालून बघायचा. चालला तरच स्विच बंद. मोबाईलवर फोटो काढता, काढा, पण जुन्या डबा टीव्हीच्या फोटोत नेमक्या अक्षरांवर काळा पट्टा येतो, म्हणून फोटो बघून वहीत उतरवा. जपानी कॅसेट हाती आली असेल तर इंग्रजीवाल्याचा मंत्र तिला लागू नाही, उगाच घालत बसू नका.

इम्युलेटरवाल्यांचं, म्हणजे कॉम्प्युटर-मोबाईलवर हा गेम खेळणाऱ्यांचं, वेगळंच. दर दोन पावलांना सेव्ह स्टेट, म्हणजे त्या क्षणाचा गेम आहे तसा साठवून ठेवणं. मग जीव संपत आलेला असताना, हवेत, राक्षसाच्या तोंडासमोर सेव्ह करतात आणि लोड केलं की मरतात, पुन्हा लोड, पुन्हा मरण. एकाच जागेवर सेव्ह ठेवलेला असतो, मागं जायला वाट नाही. करायचंच असेल तर गावात उभं राहून करा. खरं तर करूच नका, गुरू कशाला ठेवलाय मग?

किल्ली विकत घेऊन दारासमोर उभे राहतात आणि दार उघडत नाही म्हणतात. किल्ली मेनूत जाऊन हातात घ्यावी लागते. एकदा वापरली की संपली, आणि दारागणिक किल्ली वेगळी.

उडायचे पंखांचे बूट घालून थांबू नका. टी पुढचा आकडा, म्हणजे उरलेला वेळ, उतरत असतो, आणि पदवी जितकी मोठी तितका वेळ कमी मिळतो. आधी रस्ता बघून ठेवा, मग बूट.

ढाल फेकून मारलेल्या गोष्टींसाठी आहे. राक्षस अंगाला घासला तर ढाल काही करत नाही.

एलिक्सर नावाचं औषध जपून ठेवा, जीव संपला की ते आपोआप लागतं. लाल औषध मात्र स्वतः प्यावं लागतं, ते घेऊन मरणारेही पाहिलेत.

पेंडंटच्या, म्हणजे गळ्यातल्या लॉकेटच्या, मागं धावू नका. त्यानं तुमच्या तलवारीचा मार वाढायला हवा होता, पण गेम लिहिणाऱ्यांच्या चुकीमुळं तो घेतल्यावर उलट कमी होतो.

आणि कॅसेटीत फुंकर मारणं बंद करा. बेळगावच्या दमट हवेत थुंकीचे कण पिनांवर बसले की हिरवट थर धरतो. शाळेचा खोडरबर पिनांवर हलक्या हातानं फिरवा, मग मोबाईल रिपेअरवाल्याकडनं थोडं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणून कापसाच्या काडीनं पुसा. थिनर नको, प्लास्टिक खातो. वाळल्याशिवाय घालू नका. एनईएसची ७२ पिनांची कॅसेट आपल्या ६० पिनांच्या मशीनला कन्व्हर्टरशिवाय बसत नाही, जोर लावून बसवलीत तर मशीनचा सॉकेट जातो. तो दुरुस्त करायला माझ्याकडं आणू नका.