स्पोर्ट्स सेडानसाठी अलॉय आणि टायरचे माप कसे ठरवावे

स्पोर्ट्स सेडानला मोठे अलॉय (मिश्रधातूची चाके) घालायचे ठरले की बहुतेक जण आधी चाकाचे डिझाइन पसंत करतात, मग त्याचा व्यास ठरतो आणि त्यावर जो बसेल तो टायर शेवटी घेतला जातो. हा क्रम उलटा आहे. रस्त्याला धरून राहते ते रबर, आणि त्या रबराला योग्य जागी व योग्य आकारात धरून ठेवणे एवढेच चाकाचे काम असते. म्हणून आधी टायरची उंची आणि भारक्षमता, मग रुंदी, मग त्या रुंदीला साजेशी रिम (टायर ज्यावर बसतो ते धातूचे कडे) आणि त्यानंतर ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसते ते) व बोल्टचे तपशील, अशा क्रमाने गेले तर पुढचे बरेचसे प्रश्न उद्भवतच नाहीत.

सुरुवात गाडीवरच लिहिलेल्या माहितीपासून करावी. ड्रायव्हरचे दार उघडले की आतल्या खांबावर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक स्टिकर असतो, त्यावर मूळ टायरचे माप आणि हवेचा दाब दिलेला असतो. मॅन्युअलमध्ये बहुधा एक-दोन पर्यायी मापेही असतात. त्याच पिढीच्या त्याच मॉडेलच्या अधिक ताकदीच्या आवृत्तीला कंपनीने कोणते चाक दिले आहे, हेही शोधून काढावे. त्या मापावर सस्पेन्शन, ब्रेक आणि एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) यांच्या चाचण्या आधीच झालेल्या असल्यामुळे यापेक्षा भरवशाचा आधार दुसरा मिळत नाही.

समजा मूळ माप २२५/४५ आर१७ ९१ डब्ल्यू असे आहे. यातील २२५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी, ४५ म्हणजे साइडवॉलची (टायरच्या बाजूच्या भिंतीची) उंची त्या रुंदीच्या किती टक्के आहे ते, आणि १७ हा रिमचा इंचांतील व्यास. २२५ चे ४५ टक्के १०१.२५ मिमी होतात. वरची आणि खालची साइडवॉल मिळून २०२.५ मिमी, आणि त्यात १७ इंचांचे ४३१.८ मिमी मिळवले की टायरची पूर्ण उंची ६३४.३ मिमी येते. हा आकडा लिहून ठेवावा, कारण पुढचे प्रत्येक माप याच्याशीच ताडून पाहायचे आहे. १८ इंची चाकावर २२५/४० घेतला तर उंची ६३७.२ मिमी होते, म्हणजे फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी. त्याच चाकावर २४५/४० घातला तर ती ६५३.२ मिमी, म्हणजे सुमारे ३ टक्के जास्त होते. २५५/३५ घातला तर मात्र ६३५.७ मिमी, जवळजवळ मूळ उंचीइतकीच. तीन टक्क्यांपर्यंत चालते असे सर्वत्र सांगितले जाते, परंतु माझ्या मते ती शेवटची हद्द आहे, उद्दिष्ट नव्हे. दीड टक्क्याच्या आत राहणारे माप जवळजवळ नेहमीच सापडते.

उंचीबाबत एवढा आग्रह धरण्याचे कारण असे की स्पीडोमीटर, ओडोमीटर, एबीएस आणि स्थिरता नियंत्रण यांचे सगळे हिशेब चाकाच्या फेऱ्यांवर चालतात. संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक ३९ जिथे लागू आहे, तिथे स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवता कामा नये अशी अट आहे, आणि म्हणून बहुतेक गाड्या मुळातच थोडा जास्त वेग दाखवतात. टायर उंच झाला की ही राखीव फट कमी होते. तीन टक्क्यांनी उंच टायरवर मीटरच्या हिशेबातील १०० चा वेग प्रत्यक्षात १०३ असतो. शिवाय उंच टायरमुळे गिअरिंग लांबते (इंजिनाच्या तितक्याच फेऱ्यांत गाडी जास्त अंतर कापते) आणि ज्या चपळाईसाठी ही गाडी घेतली तीच मंदावते.

आता मागच्या ‘९१ डब्ल्यू’ कडे वळू, कारण सर्वाधिक दुर्लक्ष इथेच होते. ९१ हा भारांक आहे आणि त्याचा अर्थ एका टायरला ६१५ किलो भार पेलता येतो. डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किलोमीटरपर्यंतचा वेग. व्ही २४० चा, वाय ३०० चा. यातील कोणतीही क्षमता मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नये. साइडवॉल बुटकी झाली की आतील हवेचे आकारमान घटते आणि त्याबरोबर भारक्षमताही घटते. २२५/४० आर१८ हा टायर साध्या बांधणीत ८८ भारांकाचा, म्हणजे ५६० किलोंचा असतो आणि तो आपल्या उदाहरणात कमी पडतो. तोच एक्सएल (जादा भाराच्या) बांधणीत ९२, म्हणजे ६३० किलोंचा मिळतो आणि तो पुरतो. मात्र ही क्षमता साधारण ४२ पीएसआय दाबाला मोजलेली असते, तर साध्या टायरची ३६ पीएसआयला. दारावरच्या स्टिकरमधील जुना दाब तसाच ठेवला तर एक्सएल टायर वाढीव भार पेलत नाही. नव्या टायरला किती हवा हवी, हे टायर कंपनीच्या भार आणि दाब यांच्या तक्त्यावरून ठरवावे.

व्यास किती वाढवावा याबद्दल मी स्पष्ट मत देतो. १७ इंचांवर साइडवॉल १०१ मिमी असते, १८ वर ९० आणि १९ वर (२२५/३५ धरला तर) ७९ मिमी. खड्ड्याच्या कडेवर चाक आपटते तेव्हा रिम आणि दगड यांच्यामध्ये एवढेच अंतर उरलेले असते. एक इंच वाढवल्याने स्टिअरिंगचा प्रतिसाद धारदार होतो आणि टायरची निवडही बऱ्याचदा वाढते. दुसऱ्या इंचाने मिळते ते मुख्यतः दिसणे, आणि त्याची किंमत वाकलेल्या रिम व साइडवॉलवर आलेले फुगे यांच्या रूपाने मोजावी लागते. मोठे ब्रेक बसवल्यामुळे जागाच हवी असेल तर गोष्ट वेगळी.

रुंदीबद्दलही एक समज दुरुस्त करायला हवी. टायर जमिनीला किती क्षेत्रफळावर टेकतो हे प्रामुख्याने भार आणि हवेचा दाब यांवर ठरते. रुंद टायरमुळे ते क्षेत्रफळ फारसे वाढत नाही, त्याचा आकार बदलतो. ते आडवे रुंद आणि लांबीला आखूड होते, त्यामुळे वळणावर पकड सुधारते, पण साचलेल्या पाण्यावरून जाताना टायर लवकर तरंगू लागतो. मूळ रुंदीवर १० ते २० मिमी वाढ पुरेशी असते. त्यापुढे पैसे रुंदीऐवजी टायरच्या दर्जावर खर्च करावेत. चांगल्या रबर मिश्रणाचा २२५ रुंदीचा टायर सामान्य मिश्रणाच्या २५५ पेक्षा ओल्या रस्त्यावर अधिक विश्वासाने थांबतो.

टायर ठरला की रिमची रुंदी आपोआप मर्यादित होते. २२५/४० आर१८ साठी साडेसात ते नऊ इंच ही मान्य मर्यादा आहे आणि त्याची अधिकृत रुंदी आठ इंची रिमवर मोजलेली असते. २५५/३५ आर१८ ला साडेआठ ते दहा इंच लागतात. रिम अर्ध्या इंचाने रुंद झाली की त्यावर बसलेला टायर साधारण ५ मिमी फुगतो, हेही जागेच्या हिशेबात धरावे. मर्यादेच्या मध्यात राहावे. अरुंद रिमवर रुंद टायर वळणावर डुलतो, आणि रुंद रिमवर ताणून बसवलेल्या टायरमुळे रिमची कडा उघडी पडते.

पुढे-मागे वेगवेगळी मापे घालणे मागील चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत रूढ आहे. बीएमडब्ल्यूच्या ई४६ पिढीच्या एम३ ला १८ इंची चाकांवर पुढे २२५/४५ आणि मागे २५५/४० टायर असत. उंची काढून पाहिली तर ६५९.७ आणि ६६१.२ मिमी, म्हणजे जवळजवळ समान. रुंदी वेगळी ठेवूनही उंची कशी सांभाळायची याचा हा उत्तम नमुना आहे. चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीत मात्र उंचीतील लहानसा फरकही पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या मधल्या डिफरन्शिअलला किंवा क्लचला सतत काम देत राहतो. सुबारूची शिफारस अशी आहे की चार टायरांच्या परिघांत पाव इंचाहून अधिक फरक नसावा. अशा गाडीत दोनच नवे टायर घालणेसुद्धा विचारपूर्वक करावे.

आता ऑफसेट. रिमच्या रुंदीची मध्यरेषा आणि चाक हबला (ज्यावर ते बोल्टने आवळले जाते त्या भागाला) टेकते तो पृष्ठभाग यांतील अंतर म्हणजे ऑफसेट, आणि ते ‘ईटी ४५’ असे मिलिमीटरमध्ये लिहिले जाते. आकडा कमी झाला की चाक बाहेर सरकते, वाढला की आत जाते. मूळ चाक साडेसात इंची ईटी ४५ आहे आणि नवे साडेआठ इंची ईटी ४० घ्यायचे आहे असे धरू. रुंदी २५.४ मिमीने वाढली, म्हणजे दोन्ही बाजूंना १२.७ मिमी. ऑफसेट ५ मिमीने कमी झाल्यामुळे सगळे चाक तितके बाहेर आले. म्हणून बाहेरची कडा १७.७ मिमी बाहेर येते आणि आतली कडा शॉक अ‍ॅब्झॉर्बरकडे ७.७ मिमी सरकते. मध्यरेषा मूळ जागेपासून ५ ते १० मिमीहून जास्त हलवू नये, कारण चाक बाहेर सरकले की स्टिअरिंगच्या अक्षाभोवतीचा तरफेचा दांडा लांबतो, खडबडीत रस्त्याचे धक्के हातात येऊ लागतात, आणि पुढील चाकांवर चालणाऱ्या ताकदवान गाडीत जोरात वेग घेताना स्टिअरिंग एका बाजूला ओढले जाते.

एवढी जागा खरोखर आहे का, हे गाडीवर मोजूनच ठरवावे. स्टिअरिंग सरळ ठेवून मूळ टायरच्या आतल्या भागापासून शॉक अ‍ॅब्झॉर्बरपर्यंतचे अंतर मोजावे. हाताला जागा नसेल तर मातीचा मऊ गोळा त्या फटीत दाबून काढावा आणि त्याची जाडी मोजावी. मॅकफर्सन पद्धतीच्या सस्पेन्शनमध्ये शॉक अ‍ॅब्झॉर्बर चाकाबरोबरच वर-खाली होतो, म्हणून या आतल्या बाजूला ५ मिमी फट उरली तरी चालते. बाहेरच्या मडगार्डच्या कडेचे तसे नाही. तिथे चाक भाराने वर येते, म्हणून मागच्या सीटवर माणसे बसवून आणि डिकीत वजन ठेवून तपासणी करावी. पुढे स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून, आणि उलट जातानाही, आतल्या प्लास्टिकच्या अस्तराला टायर लागतो का ते पाहावे. गाडी खाली बसवलेली असेल तर या सर्व जागा आणखी कमी होतात.

ब्रेकच्या कॅलिपरची (डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या भागाची) जागा हा स्वतंत्र मुद्दा आहे. दोन चाकांचे व्यास, रुंदी आणि ऑफसेट तंतोतंत सारखे असूनही एकाचे आरे बाहेर फुगलेले असतात आणि दुसऱ्याचे सपाट, त्यामुळे पहिले बसते आणि दुसरे कॅलिपरवर घासते. पुष्कळ चाक उत्पादक कॅलिपरच्या आकाराचा कागदी साचा देतात. तो वापरावा, किंवा टायर चढवण्यापूर्वी रिकामे चाक हबवर लावून हाताने फिरवून पाहावे.

बोल्टच्या वर्तुळाचा व्यास, म्हणजे पीसीडी, अचूक जुळलाच पाहिजे. मॉडेलचे नाव तेच म्हणून माप तेच असे समजू नये: बीएमडब्ल्यू ३ सिरीजच्या एफ३० पिढीत तो ५×१२० (पाच बोल्ट, १२० मिमी व्यास) आणि मधले छिद्र ७२.६ मिमी होते, पुढच्या जी२० पिढीत ५×११२ आणि ६६.६ मिमी आले. बाजारातील चाकांचे मधले छिद्र बहुधा मोठे ठेवलेले असते, आणि ती फट भरण्यासाठी योग्य मापाची सेंटरिंग रिंग घ्यावी लागते. तिच्याविना चाक जरासे सरकून बसले की बॅलन्सिंग नीट असूनही ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरते. बोल्टच्या डोक्याखालील बैठकही पाहावी. फोक्सवॅगन समूहाच्या मूळ चाकांची बैठक गोलाकार असते, तर बाजारातील बहुतेक अलॉयची शंकूच्या आकाराची. गोल बैठकीचा बोल्ट शंकूच्या खाचेत घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण तो अगदी बारीक रेषेवरच टेकलेला असतो आणि पुढे सैल होतो. मूळ बोल्ट किती फेरे आत जात होते ते मोजून ठेवावे. नव्या बोल्टने निदान तितके फेरे घेतलेच पाहिजेत, आणि फार लांब बोल्ट आतील भागांना लागू शकतो म्हणून तेही तपासावे.

चाक हाती घेतल्यावर ते उलटे करून आऱ्यांच्या मागची अक्षरे वाचावीत. तिथे ‘८जे×१८’ (आठ इंच रुंदी, १८ इंच व्यास), ईटी आणि कमाल भार ओतलेला किंवा कोरलेला असतो; हा भार गाडीच्या जड अक्षावरील कमाल भाराच्या निम्म्याहून कमी नसावा. जपानी मानकांच्या ‘जेडब्ल्यूएल’ आणि ‘व्हीआयए’ या खुणा किंवा जर्मनीतील टीयूव्ही या तपासणी संस्थेचे प्रमाणपत्र असलेल्या चाकाची चाचणी झालेली असते. दोन चाकांत निवड करायची असेल तर हलके घ्यावे. फोर्ज्ड (दाबून घडवलेली) चाके ओतीव चाकांपेक्षा हलकी आणि चिवट असतात. मापातील बदल नोंदणीच्या नियमांत बसतो का आणि विमा कंपनीला कळवावा लागतो का, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे.

चाके बसवताना हबवरचा गंज तारेच्या ब्रशने साफ करावा, बोल्ट आडव्या-तिरप्या क्रमाने आणि टॉर्क पान्याने, मॅन्युअलमधील आकड्यावरच आवळावेत, आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. टायरच्या फेऱ्यांवरून दाब ओळखणारी यंत्रणा असेल तर ती नव्याने सेट करावी. पहिल्या आठवड्यात मडगार्डच्या आत बॅटरीचा उजेड टाकून घासल्याची चकचकीत पट्टी दिसते का ते बघावे. मूळ बोल्ट पिशवीत भरून डिकीत जादा चाकाजवळ ठेवावेत, कारण ते चाक मूळ बैठकीचे असेल तर नव्या अलॉयच्या बोल्टांनी ते लावता येणार नाही.