चिखलाची गाडी, रोजची गाडी

सावद्याहून जळगाव रोजचं जाणं-येणं, संध्याकाळी केळीच्या मळ्यात चक्कर. पावसाळ्यात काळी माती टायरला अशी लिंपते की पुढची दोन चाकं नुसती गरगरतात. गेल्या आषाढात माझी जुनी गाडी ट्रॅक्टरने ओढून काढावी लागली, तेव्हाच चारही चाकं ओढणारी घ्यायचं ठरलं.

आधी मारुतीच्या दोन गाड्यांतला, जिमनी आणि ग्रँड व्हिटारातला, फरक समजून घ्या, भो. जिमनीची फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांची ओढ, आपण लिव्हरने लावायची. कोरड्या डांबरावर ती लावून वळलं की पुढच्या-मागच्या चाकांचा वेग जुळत नाही आणि गिअरवर ताण येतो. चिखलात मात्र तिचा हात कोणी धरू शकत नाही, चालवायला मजाही तिच्यातच. पण मागची सीट उभी असेल तर डिकी फक्त 208 लिटर. चौघांच्या बॅगा कुठे ठेवणार?

ग्रँड व्हिटाराची ऑलग्रिप आपोआप चालते: पुढचं चाक घसरलं की मागच्याला ताकद जाते. मी हीच घेतली. तेव्हा कंपनीच्या कागदावर मॅन्युअल जिमनी लिटरला 16.94, मॅन्युअल ऑलग्रिप 19.38 किलोमीटर. 28 च्या जवळ जाणारी, पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी हायब्रिड ग्रँड व्हिटारा मोह घालते, पण तिची पुढचीच चाकं ओढतात.

चाचणी शोरूमसमोरच्या हायवेवर नको, सातपुड्यातल्या पालकडच्या चढावर घ्या. टायर चारही एकदमच बदला. आणि ब्रेक? त्यात चार चाकांच्या ओढीचा काडीचा फायदा नाही. ओल्या रस्त्यावर थांबवतात ते टायरच.