हॅलोवीनचा भोपळा वरून नाही, बुडातून कापा
अमेरिकेत आल्यावर दोन वर्षं आमचा कोरलेला भोपळा हॅलोवीनच्या, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या आतच खचला. देठाकडून कापलेलं झाकण सुकून आत पडायचं आणि मुलं हिरमुसायची. यंदा देठाला हातच लावला नाही.

१. बुडाला तळहाताएवढं गोल भोक पाडा. ते काम मोठ्यांनीच करावं.
२. डावाने गर आणि धागे खरवडून काढा. मुलांना हेच सर्वांत आवडतं. ज्या बाजूला चेहरा काढायचा, तिथली भिंत साधारण इंचभर जाड ठेवा, म्हणजे कोरताना हात दुखत नाही.
३. चेहरा आधी पेनाने काढून मग कोरा, आणि तोही २९ किंवा ३० तारखेलाच.
४. पायरीवर बॅटरीवरचा दिवा ठेवून भोपळा वरून पालथा घाला. दिवा चालू-बंद करायला भोपळा नुसता उचलायचा. आत हात घालावा लागत नाही.

बिया धुऊन, रात्रभर वाळवून, मीठ लावून मंद आचेवर कढईत भाजा. फार छान लागतात.

मेणबत्ती मात्र नको. हॅलोवीनला सोंगं घेऊन दारात येणाऱ्या मुलांचे झगे लांब, घोळदार असतात, ते पेटू शकतात. आणि बाहेर ठेवलेल्या भोपळ्याचे घारगे करू नका, त्यासाठी वेगळा आणा.