आपल्या गावात टुरेटचा आधारगट चालवायचा असेल तर

माझी मान दर दोन-तीन मिनिटांनी उजवीकडे वळते आणि घशातून ‘हुं’ असा आवाज निघतो. सातव्या वर्षापासून निघतोय. शाळेत ‘नाटकं करतो’ म्हणून बाकावर उभं केलं, घरी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, आवाजासाठी घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. एकतिसाव्या वर्षी, 2009 साली, एका न्यूरॉलॉजिस्टनी कागदावर ‘टुरेट सिंड्रोम’ असं लिहून दिलं. म्हणजे अशा हालचाली आणि आवाज आपोआप होत राहण्याचा मेंदूचा विकार; त्या हालचालींना आणि आवाजांना ‘टिक्स’ म्हणतात. जॉर्ज जिल द ला तुरेत या फ्रेंच डॉक्टरांनी अशा नऊ रुग्णांचं वर्णन 1885 सालीच केलं होतं. ते नाव नाशिकमधल्या आमच्या घरात पोचायला 124 वर्षं लागली.

माझा लहानसा ऑफसेट छापखाना आहे. गेली काही वर्षं महिन्यातल्या एका रविवारी मी आणि एका मुलीची आई मिळून टुरेट असलेल्यांची आणि त्यांच्या घरच्यांची बैठक घेतो. दुसऱ्या गावांतून फोन येतात, ‘आम्हालाही सुरू करायचंय, काय काय लागतं?’ त्यांना जे सांगतो तेच इथे सविस्तर लिहितोय.

माणसं जमण्याची वाट पाहू नका. आमच्या पहिल्या बैठकीला तीन घरं होती. अमेरिकेतली टुरेट संघटनासुद्धा 1972 साली न्यूयॉर्कमधल्या मोजक्या कुटुंबांनीच उभी केली. पुढची घरं पत्रकातून येतात, पण पत्रक कुठे ठेवायचं ते नीट ठरवा. मानसोपचारतज्ज्ञांकडे ही मुलं फार उशिरा पोचतात. मूल डोळे मिचकावायला लागलं की आईवडील आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जातात. नाक ओढायला किंवा खाकरायला लागलं की कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे, नाहीतर ॲलर्जीच्या औषधांकडे. म्हणून पत्रकं तिथे आणि बालरोगतज्ज्ञांकडे ठेवा.

पत्रकाच्या मथळ्यात ‘टुरेट’ लिहू नका, ज्याला त्याची गरज आहे त्याला तो शब्दच माहीत नसतो. आमच्या पत्रकावर मोठ्या अक्षरांत आहे : ‘मूल सतत डोळे मिचकावतं, मान उडवतं, खाकरतं? रागावून थांबत नाही?’ पहिल्या खेपेला मी ‘झटके’ असा शब्द छापला होता. त्यामुळे आकडी येणाऱ्या मुलांचे पालक लांबून प्रवास करून आले, आणि त्यांना नुसता चहा देऊन परत पाठवताना मला फार वाईट वाटलं. पाचशे प्रती रद्द केल्या. आता खाली बारीक अक्षरांत सरळ लिहितो, की शरीराच्या किमान दोन आणि आवाजाची किमान एक अशा टिक्स, अठराव्या वर्षाच्या आत सुरू झालेल्या आणि वर्षाहून अधिक काळ येत-जात राहिलेल्या, असं दिसलं तर डॉक्टर टुरेटचा विचार करतात. निदान डॉक्टरच करतील, आम्ही नाही, हेही छापलेलं आहे.

खोली कशी हवी? तळमजल्यावरची, दारातून पटकन बाहेर पडता येईल अशी. वाचनालय नको, देवळाचा सभामंडप नको, जिथे शांतता पाळायची असते ती कुठलीच जागा नको. शाळेचा वर्गही नको, आमच्यातल्या बऱ्याच जणांना वर्गात शिरतानाच घाम फुटतो. आम्हाला एका सोसायटीचा हॉल मिळाला. शेजारच्या चार फ्लॅटमध्ये मी आधी जाऊन सांगितलं, की दोन तास अधूनमधून आवाज येतील, एखादी किंकाळीही येईल, कुणी कुणाला मारत नाहीये. एका आजींनी पुढच्या वेळी चिवडा पाठवला. खुर्च्यांमध्ये हात पसरता येईल इतकं अंतर ठेवा, कारण ज्याचा हात उडतो तो शेजाऱ्याला लागेल या भीतीनं आक्रसून बसतो. चहा अर्धा कपच भरा आणि थोडा निवू द्या.

आता बैठकीबद्दल. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, माझ्याही झाल्या.

पहिल्या बैठकीत दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा आईशेजारी बसला होता. खांदा उडाला की आई त्यावर हळूच हात दाबायची. प्रेमानंच. दीड तास ती बाई इतर पालकांना त्याच्याबद्दल सांगत होती, आम्ही सगळे ऐकत होतो, आणि तो फरशीकडे बघत होता. निघताना त्यानं मला विचारलं, ‘काका, तुम्हाला कुणी थांबवत नाही का?’ त्या रात्री मला झोप लागली नाही. टुरेट असलेल्यांसाठी गट काढला आणि टुरेट असलेला एकमेव मुलगाच त्यात गप्प बसला होता.

तेव्हापासून बैठकीच्या सुरुवातीला एकच वाक्य मोठ्यानं म्हणतो : इथे कुणी कुणाला थांबवायचं नाही. हातानं नाही, डोळ्यांनी नाही, ‘जरा दमानं’ असं म्हणून नाही. टिक येण्याआधी अंगात एक कळ दाटते, शिंक येण्याआधी दाटते तशी, आणि टिक झाली की ती क्षणभर सुटते. काही वेळ दाबता येते, पण त्यात सगळं लक्ष खर्च होतं. मूल शाळेत दिवसभर दाबून ठेवतं आणि घरी आल्यावर सुटतं, मग घरच्यांना वाटतं की हा आपल्यासमोरच मुद्दाम करतो. महिन्यातले दोन तास तरी ती मेहनत नको.

दुसरी गोष्ट पालकांना आधीच सांगून ठेवा. टिक्सबद्दल बोलायला लागलं की टिक्स वाढतात. दुसऱ्याची टिक पाहून आपल्याला येऊ शकते. हे न सांगता बैठक घेतलीत तर पालक घाबरतात, ‘इथे आणल्यामुळेच वाढलं’ म्हणतात आणि पुन्हा येत नाहीत. आमची दोन कुटुंबं अशीच गेली. आता नवीन घराला मी फोनवरच सांगतो, की पहिल्या दिवशी जास्त दिसेल, बहुधा लवकरच निवळेल, घाबरू नका.

आणि हातांना काम द्या. मी छापखान्यातली कागदाची कटिंग्ज गोणीत भरून नेतो. मुलं ती जुळवतात, कडा ठोकून सरळ करतात, डिंक लावून पॅड बांधतात. मन एखाद्या कामात गुंतलं की अनेकांच्या टिक्स ओसरतात. माझी मान कटिंग मशीनवर काम करताना जवळजवळ स्थिर असते, आरतीत झांजा वाजवतानाही. मुलांना मी टिम हॉवर्डबद्दल सांगतो. टुरेट असलेला हा गोलरक्षक 2014 च्या विश्वचषकात अमेरिकेकडून बेल्जियमविरुद्ध कसा उभा राहिला होता, ते बघायला मुलं मोबाइलवर डोकी घालून बसतात.

कागदकामानंतर पालक एका खोलीत, मुलं दुसऱ्या खोलीत, पाऊण तास. मुलांच्या खोलीत नेहमी दोन मोठी माणसं हवीत, त्यांतलं एक शक्यतो स्वतः टुरेट असलेलं. कुणीही एकटं मोठं माणूस मुलासोबत बंद खोलीत राहणार नाही, हा नियम ओळखीच्या माणसालाही लागू, मलाही. पालकांच्या खोलीत रडू येतं, भांडणंही होतात, सासरच्यांनी काय सुनावलं ते निघतं. ते निघू द्या. फक्त मुलासमोर त्याची गाऱ्हाणी नकोत.

व्हॉट्सॲप ग्रुप करावाच लागतो. आमचे नियम तीनच आहेत. मुलाचा टिक करतानाचा व्हिडिओ टाकायचा नाही, आईनंसुद्धा. औषधाचं नाव आणि मात्रा टाकायची नाही. ‘अमुक काढ्यानं पूर्ण बरं झालं’ असलं काही टाकायचं नाही. तिसऱ्यावरून सर्वांत जास्त वाद होतात, म्हणून त्यामागचं कारण समजावून सांगतो. टिक्स आपोआप चढतात आणि उतरतात. पालक उपाय शोधायला निघतात ते टिक्स अगदी चढलेल्या असताना. त्या आठवड्यात काहीही केलं, लिंबू उतरवलं, काढा दिला, तरी पुढच्या काही आठवड्यांत टिक्स बहुधा उतरणारच असतात. श्रेय काढ्याला जातं, आणि पुढच्या चढाला मूल अपराधी ठरतं. दुसऱ्या नियमामागेही कारण आहे. एका आईनं कुणाचा तरी संदेश वाचून मुलाचं क्लोनिडीन हे टिक्सवरचं औषध एकदम बंद केलं. ते अचानक तोडलं तर रक्तदाब उसळू शकतो. मुलगा सुखरूप राहिला, पण औषध सुरू करणं, बदलणं, बंद करणं डॉक्टरांशी बोलूनच.

औषधाशिवायही उपचार आहे हे बहुतेकांना माहीत नसतं. सीबीआयटी नावाची वर्तनोपचाराची पद्धत आहे. टिक येण्याआधीची कळ ओळखायची आणि टिकऐवजी तिला आड येणारी दुसरी हालचाल करायची, शिवाय टिक्स कशानं वाढतात ते घरात शोधून बदलायचं. अमेरिकेत 126 मुलांवर केलेल्या अभ्यासात, जो 2010 साली प्रसिद्ध झाला, दहा आठवड्यांतल्या आठ बैठकांनंतर हा उपचार मिळालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांमध्ये ठळक सुधारणा दिसली. म्हणून आपल्या भागातल्या मानसोपचारतज्ज्ञांना, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टना एकेक करून भेटा आणि ‘तुम्ही हे करता का?’ असं सरळ विचारा. त्या उत्तरांची वही ठेवा. आमच्या गटाची खरी मिळकत ती वहीच आहे.

नवीन पालक पहिला प्रश्न विचारतात, ‘हा शिव्या देईल का?’ सिनेमांनी ही भीती घातली आहे. तसे अपशब्द टुरेट असलेल्या दहांतल्या एखाद-दोघांच्याच तोंडून निघतात. दुसरा प्रश्न, ‘जाईल का?’ टिक्स बहुधा दहा ते बारा वर्षांच्या सुमारास सर्वांत जास्त असतात आणि मोठेपणी अनेकांच्या कमी होतात. एवढंच सांगा. ‘नक्की जाईल’ असं वचन देऊ नका, माझ्या गेलेल्या नाहीत.

शाळेत जायचं असेल तर आधी मुलाला विचारा, वर्गाला सांगायचं की फक्त शिक्षकांना. निर्णय त्याचा. एका मुलीनं सांगितलं, ‘मी स्वतः सांगेन, तुम्ही फक्त बाजूला उभे राहा.’ मी उभा राहिलो. तिनं पाच मिनिटांत सांगितलं आणि शेवटी म्हणाली, ‘आवाज आला तर बघू नका, लिहीत राहा.’ शिक्षकांकडे मागणी मोजकी आणि स्पष्ट ठेवा : दाराजवळची जागा, न विचारता पाच मिनिटं बाहेर जाण्याची मुभा, परीक्षेला वेगळी खोली, मोठ्यानं वाचनाची सक्ती नाही. डॉक्टरांचं पत्र सोबत न्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत टुरेटचं स्वतंत्र नाव नाही, त्यामुळे शाळेचे लोक ‘यादीत कुठे आहे?’ विचारतात. अनेक मुलांना सोबत एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता), ओसीडी (तेच ते विचार आणि कृती पुन्हा पुन्हा येणं) किंवा अध्ययन अक्षमता असते, त्याचीही तपासणी आणि कागदपत्रं व्हायला हवीत. बऱ्याचदा टिकपेक्षा तेच जास्त छळतं.

तीन गोष्टी दिसल्या तर बैठकीची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. मान जोरात उडते आणि हातापायांना मुंग्या किंवा बधिरपणा येतो. एखाद्या किशोरवयीन मुलाला किंवा मुलीला एका दिवसात अचानक, पूर्वी काही नसताना, खूप मोठ्या हालचाली आणि शब्द सुरू होतात. हे टुरेटहून वेगळं असू शकतं आणि त्याचे उपचारही वेगळे असतात. तिसरी, मूल जगायचा कंटाळा आल्याचं बोलतं. तेव्हा त्याला एकटं सोडू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, तो आमच्या हॉलच्या दारावर चिकटवलेला आहे.

नोंदणीची घाई करू नका. सात सभासद जमवून संस्था नोंदवता येते, पण मग दरवर्षीचे हिशेब, तपासणी, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातल्या फेऱ्या आल्या. हॉलचं भाडं आणि चहा एवढाच खर्च असेल तोवर वर्गणी आणि एक वही पुरते.

शेवटी स्वयंसेवकांबद्दल. मी पहिली दोन वर्षं रात्री अकरालाही फोन घेत होतो. मग माझ्याच टिक्स इतक्या वाढल्या की मान धरून छापखाना बंद ठेवावा लागला. आता फोन संध्याकाळी सहा ते आठ, आठवड्यातले तीन दिवस, दोघांत वाटून. कामं लहान तुकड्यांत द्या : एकानं चावी, एकानं चहा, एकानं वही. ‘सगळं तुम्हीच बघा’ म्हणणाऱ्याला चावी द्या.

वर्गात स्वतः बोललेली ती मुलगी आता एकोणीस वर्षांची आहे. मुलांची खोली गेल्या जूनपासून तीच बघते. कागदाची गोणी मी फक्त दारापर्यंत पोचवतो.